एकमताचं तळं

एका राज्यात एकदा वारा पडला होता. आभाळ राखेच्या रंगाचं, आणि उकाडा असा की गुरंसुद्धा हंबरत नव्हती.

त्या राज्यात एका मांत्रिकानं तळं बांधलं होतं. माणूस मेला की त्याच्या ओठांना लावलेलं पाणी तळ्यात ओतायचं, आणि जित्यांनी रोज सकाळी त्यातलं ओंजळभर प्यायचं, अशी रीत. साऱ्यांचं शहाणपण एक झालं. कज्जे सरले, भांडणं सरली. तळ्याला जे ठाऊक, ते सर्वांना ठाऊक. तळ्याला जे ठाऊक नाही, ते कोणाला दिसेच ना.

टोपल्या विणणारा गोंदबाही ते पाणी प्यायचा. पाण्यात त्याला त्याची मेलेली बायको गिरजा ऐकू यायची. "दार लोटून घ्या हो," म्हणायची. तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा.

मग लेकरांत एक नवा ताप आला. तळ्याला तो ठाऊक नव्हता. शेजारचा सटवाजी फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन हसायचा, "झोपाळू आहे लबाड!"

तळ्याचं पाणी न पिता दवावर जगणारी एक साळुंकी गोंदबाच्या ओट्यावर उतरली. म्हणाली, "बाबा, एक दिवस पाणी पिऊ नकोस. दिसेल ते दरबारात बोल. मग तळ्याचा बांध फोड."

पहिलं त्यानं केलं, आणि सटवाजीच्या पोराच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

दुसरंही केलं. "महाराज, लेकरं तापानं फणफणलीत."

"कोणी आजारी नाही, म्हाताऱ्या," सारा दरबार एका सुरात बोलला. राजाही त्याच सुरात.

तिसऱ्याला हात उठेना. बांध फुटला की गिरजा गेली, कायमची. पहार मांडीवर घेऊन तो सांजेपासून बांधावर बसून राहिला. तांबडं फुटलं तेव्हा त्यानं ओंजळ भरून कानाशी धरली.

"दार लोटून घ्या हो."

"घेतो," गोंदबा म्हणाला, आणि त्यानं पहार घातली.

पाणी गेलं, तळ्याची भूल उतरली. राजा चौकात येऊन म्हणाला, "मला काही सुचत नाही. तुम्हाला काय वाटतं?" वैद्य म्हणे काढा, सुईण म्हणे लेप, धनगर म्हणे दोघंही चुकताय. भांडता भांडता औषध सापडलं. संध्याकाळपर्यंत लेकरं उठून बसली.

सटवाजीचं पोर तेवढं बांध फुटायच्या आधी, पहाटेच गेलं होतं.

गोंदबा कोरड्या तळ्याकाठी बसला होता. सटवाजी आला, त्याच्या बाजूला उभा राहिला. मग म्हणाला,

"तुझा राग येतो मला, गोंदबा. कालच का नाही फोडलास?... सरक जरा. मला बसू दे."