मंत्र्याला ‘तुम्ही’

‘लोहपंख’ ही मालिका हर्षलाला तोंडपाठ होती. उडणारा नायक समतेसाठी लढतो हे तिला मनापासून आवडायचं, आणि काहीतरी खटकायचंही. मालिकेचे लेखक नाडकर्णी सांगलीत तिच्या कॉलेजात आले आणि व्यासपीठावरून म्हणाले, “माझ्या मालिकेत एका ठिकाणी विषमता दाखवून द्या, पुढच्या पर्वाला सहायक लेखक म्हणून घेतो.”

हर्षलाला नेमकं तेच काम हवं होतं. ती उभी राहिली.

“सर, भ्रष्ट मंत्र्याला गच्चीवरून उलटा लटकवताना नायक म्हणतो, ‘तुम्ही गरिबांना लुटलंत.’ आणि आजोबांच्या वयाच्या सफाई कामगाराला गटारातून वर काढताना म्हणतो, ‘घाबरू नकोस, हात दे.’”

सभागृहात हसू पसरलं. नाडकर्णींनी चष्मा पुसला.

“अगं, त्यात हेतू काही नव्हता. ते सहज लिहिलं गेलं.”

“तेच म्हणतेय, सर. विचार करून लिहिलंत तिथे समता आहे. सहज लिहिता तिथे लक्ष ठेवायला कोणीतरी हवं.”

“सोमवारी ये,” म्हणता म्हणता नाडकर्णी “सोमवारी या” म्हणाले.