खंडेनवमीची बॅटरी

एक होतं वाघोशी गाव. तिथं राहायची सोनाक्का. नवऱ्यामागं ती विजेच्या सायकलींचं दुकान चालवायची. खंडेनवमीच्या सांजेला सरपंच धोंडेरावांचा गोठा जळाला. आतली सायकल गेली, गडी भिवाही गेला.

त्याच रात्री धोंडेराव चावडीवर म्हणाले, "सोनाक्के, सायकलीच्या बॅटरीनंच पेट घेतला. दुकान माझ्या नावावर कर, नाहीतर तुरुंगात जा."

सोनाक्कानं पिशवीतून कुंकू लावलेली बॅटरी काढली. वर धोंडेरावांचंच नाव रंगवलेलं.

"खंडेनवमीला सकाळीच गावातल्या सगळ्या बॅटऱ्या काढून मी पूजेला मांडते, दसऱ्याला परत देते. मानाचं कुंकू तुम्हीच लावलंत, सरपंच. कशाला लावताय, तेवढं बघायचं राहिलं."

धोंडेराव चावडी उतरून निघून गेले. भिवाची बायको उठून सोनाक्काशेजारी जाऊन बसली. दुकान राहिलं, आणि त्यावरच आज दोन्ही घरांतल्या चुली पेटतात.