चीजचं कमळ

अनसूयाबाईंच्या नणंदेचे यजमान जयवंतराव पंधरा दिवस स्वित्झर्लंड फिरून आले, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी चीजशिवाय विषय नाही. ते दोघं घरी यायचे म्हणून अनसूयाबाईंनी, स्वतःच्या व्रताचा सोळावा सोमवार असूनही, मोठ्या थाळीत चीजच्या पाकळ्या, मध्ये द्राक्षं आणि भोवती खारी बिस्किटं मांडून छान कमळ केलं.

"पाकळ्या जाड झाल्या," जयवंतराव म्हणाले. अनसूयाबाईंनी पातळ कापल्या.

"द्राक्षं मध्ये नसतात हो, कडेला!" द्राक्षं कडेला गेली. तोवर बिस्किटं सादळली, तीही बदलली. देवा महादेवा, अजून किती, असं बाईंना झालं.

"आता तिकडची रीत," जयवंतराव खुर्चीत रेलले. "यजमानीण आधी खाते. घ्या वहिनी! एका घासानं काही उपास मोडत नाही. तुम्ही खाल्ल्याशिवाय मी हात लावणार नाही."

नणंदेनं कपाळाला हात लावला. पंधरा सोमवारांचं पुण्य पाण्यात जायची वेळ आली होती.

अनसूयाबाई शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, ही थाळी मी नैवेद्यासारखी मांडलीय. आधी चाखला तर नैवेद्य उष्टा होतो. देवाच्या जागी तुम्हाला बसवलंय, मग उष्टं कसं वाढू?"

जयवंतराव सुखावले. त्यांनी पाकळी तोंडात टाकली आणि लगेच म्हणाले, "हं, मीठ जरा..."

"आणि भावोजी, नैवेद्याला नावं ठेवणारा देव मी तरी अजून पाहिला नाही."

नणंद तोंडावर पदर धरून हसली. जयवंतरावांनी उरलेलं कमळ निमूटपणे संपवलं.