धूर दिसेपर्यंत

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी एका नगरात सुधर्म नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका साध्या कुळात जन्मले. त्यांचं नाव नंदिसेन. नगराच्या वेशीवर वाटसरूंची धर्मशाळा होती, तिथला विस्तव राखणं हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं, नाही का? पण डोंगरात बर्फाचं वादळ आलं की वरच्या वस्त्यांमधल्या चुली विझायच्या, घासून आग काढायची लाकडं भिजून जायची, आणि मग सगळा डोंगर या धर्मशाळेकडे डोळे लावून बसायचा. नंदिसेन मडक्यात राख भरत, राखेत पेटती गोवरी पुरत आणि वर निघत.

विस्तव नेणाऱ्यांची एक रीत होती आणि ती राजाच्या हुकुमापेक्षाही कडक पाळली जाई. वाटेत विझलेली चूल असली तर ती ओलांडून पुढे जायचं नाही. ती पेटवायची, आणि छपरातून धूर निघालेला दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही. नुसता निखारा टाकून पळ काढलेला चालत नसे. ओल्या लाकडाचा काय भरवसा!

एका वर्षी वादळ आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी खिंडीपलीकडच्या शिलाग्रामातून उत्तिय नावाचा तरुण धडपडत खाली आला. त्याच्या गालांची सालं निघाली होती. शिलाग्रामात नऊ घरं, आणि एकाही चुलीत विस्तव उरला नव्हता. त्याची बायको सामा ऐन वादळात बाळंत झाली होती. पाच दिवसांची पोर, आणि घरात ऊब म्हणून काय, तर आईचं अंग आणि दोन मेंढ्या.

"काका, तिची पावलं ओठांना लावून बघितली मी," उत्तिय नंदिसेनांना म्हणाला. "पाण्यातल्या खड्यांसारखी गार होती. उद्या संध्याकाळच्या आत विस्तव पोचला नाही तर..."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघे निघाले. नंदिसेन साठीचे, एक गुडघा दुखरा. मडकं त्यांच्या छातीशी, फडक्यात बांधलेलं. उत्तिय पुढे पुढे धावे, वळून पाही, पुन्हा मागे येई. अशाने तो दुप्पट चालला, पण त्याला कोण सांगणार?

पहिली वस्ती मेंढपाळांची. तिथली चूल पेटायला बराच वेळ गेला. उत्तिय उंबऱ्यात उभा राहून एकदा आभाळाकडे आणि एकदा चुलीकडे बघत होता. छपरातून धूर निघाला तेव्हा बायकापोरांनी आनंदाने ओरडा केला आणि त्याला त्या ओरडण्याचाही राग आला. दुसऱ्या वस्तीत एक आजारी म्हातारा होता, तिथं आणखी वेळ गेला. निघताना दर चुलीवर नंदिसेन आपली झिजलेली गोवरी ठेवत आणि तिथली नवी पेटलेली मडक्यात पुरून घेत. हे उत्तियाने दोनदा पाहिलं, पण त्याला त्यात उशीर तेवढा दिसला.

दुपार कलायला लागली तेव्हा खिंड समोर दिसत होती. आणि खिंडीच्या अलीकडे, वाटेपासून शंभर पावलं आत, गोधा म्हातारीची झोपडी. ही गोधा एकटी राहायची आणि तोंडाने महा फाटकी. शिलाग्रामाशी तिचं कुरणावरून भांडण झालेलं. तिच्यात आणि गावात, म्हणतात ना, विस्तव जात नव्हता. झोपडीवर धूर नव्हता.

नंदिसेन वाट सोडून आत वळले.

"काका, नको!" उत्तियाने त्यांचा हात धरला. "ती म्हातारी दगडाची बनलेली आहे, तिला काही होत नाही. येताना देऊ. तुमच्या पाया पडतो."

"येताना ती असेल का, पोरा?"

"आणि माझी मुलगी? ती असेल का?" उत्तियाचा आवाज फाटला. "तुमचं काय जातंय! तुम्हाला वाटेतच गोड लागतं, दारोदारी मान मिळतो. माझं माणूस मुक्कामाला आहे, काका. मला वाट नको, मला घर पाहिजे."

नंदिसेनांना हे लागलं. पण त्यांनी रागावून उत्तर दिलं नाही. "मुक्काम नसता तर मी धर्मशाळेतून निघालोच नसतो," ते म्हणाले. "तुझी पोर माझ्याही डोळ्यांसमोर आहे. पण ही चूल तिच्या वाटेवरच आहे. चल, हात लाव, लवकर होईल."

गोधा कांबळ्यात मुटकुळं करून पडली होती. दार उघडताच म्हणाली, "आलात मेलेली म्हातारी बघायला? अजून आहे मी." पण तिचे ओठ निळे होते. नंदिसेनांनी निम्मे निखारे चुलीत ठेवले आणि फुंकर घालायला बसले. लाकडं सुसू करत पाणी सोडत राहिली. एकदा जाळ धरला नि विझला. पुन्हा धरला, पुन्हा विझला. बाहेर उन्हाचा रंग बदलत होता.

उत्तियाच्या डोळ्यांसमोर ती दोन गार पावलं आली. मग त्याने पुढे काही विचार केलाच नाही. दाराशी ठेवलेलं मडकं उचललं आणि खिंडीकडे धूम ठोकली. मागून एकच हाक आली. ती नंदिसेनांची नव्हती, गोधाची होती, आणि ती शिवी होती.

तो धावला. छाती फुटेतो धावला. पण मन कुठं स्वस्थ बसू देतं? शंभर पावलांवर त्याने झाकण उघडून पाहिलं. आत लाल होतं. जीव भांड्यात पडला. आणखी शंभर पावलांवर पुन्हा पाहिलं, जरा मंद वाटलं म्हणून फुंकर घातली. निखारा झळाळून उठला, त्याला बरं वाटलं. मग तो घडीघडी झाकण काढू लागला, घडीघडी फुंकू लागला. निखारा दर वेळी छान फुलत होता. फुलणारा निखारा लवकर संपतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण भ्यालेल्या माणसाला शहाणपण आठवत नाही.

खिंडीच्या माथ्यावर तो पोचला आणि खाली शिलाग्राम दिसलं. नऊ छपरं. एकावरही धूर नाही. ओढ्याकाठचं शेवटचं छप्पर त्याचं. "आलो, सामा, आलो!" असं ओरडत त्याने झाकण काढलं.

आत राख होती. त्याने बोट घातलं, मग हात घातला, मग मनगटापर्यंत ढवळलं. राख कोमटसुद्धा नव्हती.

उत्तिय मटकन खाली बसला. घर इतकं जवळ होतं की दाराला टेकवलेलं फावडं दिसत होतं. पाय म्हणत होते, उतर. निदान तिच्याजवळ तरी जा, पोरीला छातीशी तरी धर. आणि रिकामं मडकं घेऊन जाऊन काय सांगणार? मागे फिरावं तर पुन्हा तो चढ-उतार, आणि सूर्य तर डोंगराला टेकायला आलेला. त्याने दोन्ही हातांनी तोंडावर मारून घेतलं. मग घराकडे पाठ केली. आयुष्यात इतकं जड पाऊल त्याने कधी उचललं नव्हतं.

दोन वळणं उतरतो तोच समोरून नंदिसेन येताना दिसले. काठीवर भार टाकत, पाय ओढत येत होते. छातीशी एक काळं, कान तुटलेलं मडकं होतं. ते गोधाचं होतं.

उत्तियाने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "विझला, काका. मी मारलं तिला."

"किती वेळा झाकण उघडलंस?"

"मोजलं नाही."

"बरं." त्यांनी त्याला उठवलं. "गोधाची चूल पेटली. तिने स्वतःच्या हाताने गोवरी पुरून दिली आणि तुला काय काय म्हणाली ते मी सांगत नाही. आता नीट ऐक. माझा गुडघा संपला, मला पलीकडे उतरवणार नाही. हे तू न्यायचंस."

"मी?" उत्तिय मागे सरकला. "माझ्या हातात देऊ नका!"

"दुसरं कोण आहे इथं? झाकण उघडायचं नाही. बाहेरून तळवा लावायचा. मडकं कोमट आहे तोवर आत जीव आहे, असं समजायचं. पळायचं नाही, चालायचं. आणि रीत ठाऊक आहेच."

उत्तिय निघाला. खरं सांगायचं तर त्या उतारावर चालण्यापेक्षा धावणं सोपं होतं. गाव खाली वाट बघत होतं, उजेड पिवळा पडत होता, आणि हा माणूस पाऊल मोजल्यासारखं टाकत होता, तळवा मडक्यावर ठेवून. आत आहे की नाही? आहे. पुढचं पाऊल. आहे. झाकणावर त्याचा अंगठा तीनदा गेला आणि तीनदा त्याने तो मागे घेतला.

गावातलं पहिलं घर कुंभाराचं. तिथून त्याचं घर एका धावेवर. कुंभारीण दारात उभी राहून मडक्याकडे पाहत होती. तिच्यामागे अंधाऱ्या घरात कोणीतरी खोकत होतं. उत्तियाचा सगळा जीव शेवटच्या छपराकडे ओढ घेत होता. त्याने दात आवळले, आत गेला आणि चुलीपुढे बसला.

लाकडं ओली होती. त्याने निखारे मांडले, वाळलं गवत चुरून घातलं, आणि हळू, अगदी हळू फुंकर घातली. बायका भोवती जमल्या, कुणी खापर पुढे केलं, कुणी तवा. त्याने मान वर न करता सगळ्यांच्या भांड्यांत निखारे घातले, त्याचं लक्ष फक्त त्या जाळावर होतं. धूर डोळ्यांत जाऊन पाणी वाहत होतं, की तो रडत होता, कुणास ठाऊक. शेवटी लाकडाने पेट घेतला. छपरातून धूर निघाला.

त्याने मडक्यात पाहिलं. मडकं रिकामं.

"माझ्यासाठी?" तो घाबरून उठला. "माझ्या घरासाठी उरलं नाही काही?"

"अरे खुळ्या," कुंभारीण म्हणाली, "पहिलं खापर माझ्या सुनेने तुझ्याच घरी नेलं. बाळंतिणीच्या आधी आम्ही आमच्या चुली पेटवू होय?"

तो बाहेर आला. ओढ्याकाठच्या छपरावर धुराची रेघ सरळ वर चालली होती.

घरात शेगडीजवळ सामा बसली होती, मांडीवर पोर. उत्तियाने गुडघ्यावर बसून ती पावलं ओठांना लावली. ती ऊन होती.

"विस्तव केव्हाच आला," सामा म्हणाली. "तू कुठं होतास?"

"वाटेत," उत्तिय म्हणाला, आणि मग त्याला खरोखरच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी गावातली चार माणसं जाऊन नंदिसेनांना पाठुंगळी घेऊन आली. त्यांनी रात्र गोधाकडे काढली होती, आणि सोबत गोधाही होती, गावाला शिव्या देत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारातल्या एका भिक्षूला सांगितली. तो रोज विचारत असे, "भन्ते, निर्वाण अजून किती लांब?" आणि ध्यान मोडेल म्हणून शेजारच्या आजारी भिक्षूला पाणीसुद्धा देत नसे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूहो, त्या वेळचा उत्तिय म्हणजे हा घाईतला भिक्षू. गोधा म्हणजे हा खाटेवर पडून त्याला बोल लावणारा त्याचा शेजारी. शिलाग्रामाचे लोक म्हणजे तुम्ही सगळे. आणि विस्तव राखणारा नंदिसेन मीच होतो. मुक्काम विसरणारा भटकतो आणि वाटेतली चूल ओलांडणारा राख घेऊन पोचतो. बोधिसत्त्वाने जन्मोजन्मी पूर्णत्वाला न्यायचे जे गुण, त्या पारमितांपैकी त्या जन्मी मी क्षांती पारमिता पाळली. क्षांती म्हणजे जीव टांगणीला लागला असतानाही हातातलं काम पुरं करण्याचा धीर."

तो भिक्षू उठला आणि शेजाऱ्यासाठी पाणी तापवायला गेला.