उशिरा पडलेला ठोका

मुलांनो, ही गोष्ट मला कुणी सांगितली की निम्मी मीच जोडली, याची आता खात्री देता येत नाही. आठवते तशी सांगतो. चूक आढळली, तर ती माझी समजा.

एका जंगलात, अर्जुनाच्या झाडाखाली, वाळवीचे वारूळ होते. त्याच्या दारात एक पहारेकरी उभा असे. त्याला एकच वास कळे, तो मुंगळ्यांचा. पावसाचा, बुरशीचा वास ओळखायला दुसरे होते. मुंगळ्यांचा वास आला की त्याने आपले कठीण डोके जमिनीवर आपटायचे. तो हादरा पायांना जाणवला की शेजारचा पहारेकरी डोके आपटी, मग त्याच्यामागचे दहा, मग शंभर. वास दाराबाहेरच राही. आत जाई तो फक्त ठोका. तेवढ्याने आतल्या कामकरी वाळव्या भोके चिखलाने लिंपू लागत आणि गवत आणायला गेलेल्या धावत परत येत. पहारेकऱ्याचे जबडे इतके मोठे, की त्याला आपले आपण खाता येत नसे. एक म्हातारी कामकरी त्याला रोज भरवी.

एकदा वाऱ्याने एक वाळके पान दाराशी आले. त्याला मेलेला मुंगळा चिकटला होता. पहारेकऱ्याने डोके आपटले. भोके लिंपली गेली, आत सगळ्यांचा जीव गुदमरला, आणि मग खरे काय ते कळले.

"वा रे टकलोबा! मढ्याला भ्यालास?" एक कामकरी म्हणाली.

"डोकं काढून कोपऱ्यात ठेव," दुसरी म्हणाली, "आम्हाला झोप तरी लागेल."

म्हातारी तेवढी हसली नाही. घास भरवत ती म्हणाली, "हसू देत मेल्यांना. वास आला, तू आपटलंस. पुढचं बघायला आत इतक्याजणी आहेत."

"यापुढे खात्री करूनच आपटीन, आजी."

"तुझी खात्री होईपर्यंत मुंगळे थांबतील का, बाळा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी गवताला गेली. थोड्या वेळाने वास आला, अगदी पुसट. पहारेकऱ्याने डोके उचलले आणि ते तसेच वर राहिले. 'पुन्हा पानच असेल. अजून एक झुळूक येऊ दे,' तो मनाशी म्हणाला.

"काय रे, डोकं कशाला उचललंस?" त्याला खेटून उभ्या असलेल्या शेजारच्याने विचारले.

"काही नाही. मान अवघडली होती."

दुसरी झुळूक आली तेव्हा वास दाट होता. त्याने डोके आपटले, पाठोपाठ शंभर डोकी आपटली. भोके लिंपली गेली, वारूळ वाचले. बाहेर गेलेल्यांपैकी सतराजणी परत आल्या नाहीत. त्यांत म्हातारी होती.

त्याला कुणी रागावले नाही. शेजारच्याने हळूच विचारले, "मान खरंच अवघडली होती का रे?"

"नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी म्हातारीच्या जागी वेगळीच कामकरी घास घेऊन आली. त्याला टकलोबा म्हणणारी हीच. दोघांच्याही माना खाली होत्या. घास बराच वेळ तसाच राहिला.

मुलांनो, तुमच्या-माझ्या शरीरातल्या पेशींच्या आवरणावरही असे पहारेकरी असतात. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. प्रत्येकाला आपापला निरोप तेवढा कळतो. पुष्कळ निरोप पेशीच्या आत शिरतच नाहीत. निरोप येऊन टेकला की ग्राही किंचित आकार बदलतो, आत एकाचा धक्का अनेकांना लागत जातो आणि पेशी कामाला लागते. ग्राहीला लाज वाटत नाही, हे आपले केवढे भाग्य!

तात्पर्य : निरोप पोहोचवणे हे ज्याचे काम, त्याने हसे होईल म्हणून तो अडवू नये, आणि चुकीचा निरोप आणणाऱ्याला इतरांनी इतके हसू नये, की पुढचा खरा निरोप त्याच्या तोंडातच राहील.

ही गोष्ट सांगताना मी कित्येक वर्षे म्हणत असे, "पहारेकऱ्याने मुंगळ्यांची रांग येताना पाहिली आणि तरी तो गप्प राहिला." पुढे फार उशिरा मी ग्रंथालयात जाऊन पडताळून पाहिले. वाळवीच्या बहुतेक पहारेकऱ्यांना डोळेच नसतात.