काजळाची मिशी

एक होता राजा, धैर्यधर त्याचं नाव. त्याच्या राज्यात एक रीत होती बरं का. मुलगा सात वर्षांचा झाला की तीन दुःखं सोसायची. डोळ्यांतून टिपूस गाळायचं नाही. मग बाप भर दरबारात आपल्या बोटानं त्याला काजळाची मिशी काढायचा. झाला तो पुरुष! शेंबूड पुसता येत नाही अजून, आणि म्हणे पुरुष!

राजपुत्र सारंगला सात वर्षं पुरी झाली. मग काय झालं, तो घोड्यावरून पडला. कोपर फुटलं, ओठ थरथरले. राजा म्हणाला, "वाघ रडतात का रे?" सारंगनं आवंढा गिळला. मग त्याचं लाडकं पाडस मेलं. पुन्हा आवंढा गिळला. मग त्याला अंगाखांद्यावर खेळवणारी दाई वारली. तोही आवंढा गिळला. राजाची छाती अशी फुगली!

नगारे वाजले. राजानं झोकदार मिशी काढली आणि पोराला उचलायला वाकला. पोर हलेना! गालाला हात लावला, तर गार. टिचकी मारली, तर टण्ण! अगं बाई गं, पोराचा दगड झाला होता! पायांपासून वर, एकेका आवंढ्यागणिक. आणि कुणी बघितलंच नव्हतं.

दरबाराच्या तोंडचं पाणी पळालं. राजा तर मटकन खाली बसला. त्याचा डावा पाय लहानपणापासून जड होता. सगळे म्हणायचे, काय राजाची डौलदार चाल! त्यानं मोजडी काढली. पाहतो तो काय, पाऊल दगडाचं!

मग त्याला आठवलं. आपली दोन दुःखं तो आईच्या पदरात लपून रडला होता. तिसरं दुःख आई गेल्याचं. ते कुणाच्या पदरात रडणार?

"आई गं!" राजानं हंबरडा फोडला. भर दरबारात, बरं का! त्याचे आसू सारंगच्या मिशीवर पडले. काजळ ओघळलं, आणि ओघळलं तिथं तिथं दगड मऊ झाला. मग पोरानं मोठ्ठं भोकाड पसरलं, "आबा, कोपर खूप दुखतंय हो!"

राजानं कोपरावर फुंकर घातली. तेव्हापासून त्या राज्यात काजळ फक्त डोळ्यांत घालतात. ओघळलं तर पुसतात. सगळे सुखानं नांदले.

चला, मिटा डोळे. आणि दिगू, गुडघा सकाळपासून दुखतोय ना तुझा? ये इकडे. उशीत तोंड खुपसून नको, माझ्या कुशीत रड.