सुस्कारा कोणाचा?

वास्तुकलेच्या त्या परीक्षेला वत्सलाबाई सामंत बाहेरच्या परीक्षक होत्या. त्यांच्या शाळेच्या सभागृहात रोज सायंकाळी उमटणारा सुस्कारा त्यांनी नोकरीभर ऐकला होता, म्हणूनच वास्तुकला महाविद्यालयाने त्यांना निवृत्तीनंतर बोलावले. मृण्मयी, फैयाज आणि ओजस या तिघा विद्यार्थ्यांनी एकेक भाग वाटून घेऊन त्या सभागृहाची लाकडी प्रतिकृती केली होती. मृण्मयीने खिडकीसमोर पंखा लावला आणि त्या रिकाम्या प्रतिकृतीतून तोच सुस्कारा आला. बाईंच्या अंगावर काटा उभा राहिला.

मुख्य परीक्षक प्राध्यापक राजाध्यक्ष मात्र हसले. "गटात एक राबतो, बाकीचे मिरवतात. हा आवाज कोणी साधला, त्याचे नाव सांगा. उरलेले दोघे नापास."

"तुम्हीच शोधा, सर," मृण्मयी म्हणाली. "माझी खिडकी झाका."

त्यांनी ती झाकताच सुस्कारा थांबला. मग खिडकी उघडून त्यांनी फैयाजचा जिना झाकला, शेवटी ओजसचा छतातला झरोका. प्रत्येक वेळी तीच शांतता पसरली. हात काढताच आवाज परत आला, जणू आत कोणी श्वास रोखून बसले होते.

"आता सांगा सर, सुस्कारा कोणाचा?" मृण्मयीने विचारले.

राजाध्यक्षांनी हात मागे घेतला. तिघांना सारखेच गुण द्यावेत, असे ठरले. बाईंनी आधी संमती दिली, मग राजाध्यक्षांनी. तो सुस्कारा नोकरीभर ऐकलेल्या बाईंनीच पंखा बंद करावा, हे मात्र सर्वांनी एकमुखाने मान्य केले.